जळून उरतं ते काय? राख, काजळी, खार आणि त्यांच्या नावांची पाळंमुळं

भरताची वांगी कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात. जाळ एकच, पण तो शांत झाल्यावर उरलेल्या वस्तू मोजून पाहा. वांग्याची साल करपलेली. एखाद्या काठीचं टोक अजून धुमसतंय, ते कोलीत. ढिगाच्या पोटात लाल दिसतो तो निखारा, किंवा इंगळ. विझलेला काळा तुकडा म्हणजे कोळसा. वर पसरलेली करडी-पांढरी भुकटी म्हणजे राख, आणि तीच आतून गरम असेल तर फुफाटा. शेजारी पातेलं ठेवलं असेल तर त्याच्या बुडाला बसली ती काजळी.

ही नावं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘कोळशाने भांडी घासली’ किंवा ‘डोळ्यात राख घातली’ असं कुणी म्हणत नाही. दुसरं चुकून म्हटलंच तर अर्थ फार वेगळा होतो. मराठीने या वस्तूंची वाटणी नेमकी केली आहे आणि ती रसायनशास्त्राशी बरीच जुळते. म्हणून आधी जाळात काय होतं ते पाहू, मग शब्दांकडे वळू.

लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी जातं. साधारण अडीचशे-तीनशे अंशांना लाकूड फुटून त्यातून ज्वलनशील वायू निघतात. ज्वाळा दिसते ती या वायूंची. वायू निघून गेल्यावर मागे मुख्यतः कार्बन राहतो, तो कोळसा. त्याला हवा मिळाली तर तोही जळतो, तेव्हा तो निखारा असतो. कार्बन पूर्ण जळाला की शेवटी लाकडातली खनिजं उरतात: कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, थोडं फॉस्फरस, सिलिका. ती राख. काजळीची गोष्ट निराळी. ज्वाळेतल्या वायूंना हवा कमी पडली किंवा ज्वाळा थंड भांड्याला टेकली की न जळलेला कार्बन बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडतो आणि जिथे टेकेल तिथे बसतो.

म्हणजे कोळसा आणि काजळी हे अर्धवट जळण्याचं उरलेलं, आणि राख म्हणजे जळूच न शकणारं. ओळखायची रीत सोपी आहे. काळा पदार्थ लोखंडी पळीत घेऊन लालबुंद होईपर्यंत तापवा. तो पांढरा पडून जवळजवळ नाहीसा झाला तर तो कार्बन होता. राख मात्र कितीही तापवली तरी राखच राहते. राखेत काळपट झाक दिसते तेव्हा तिच्यात कोळशाचा चुरा मिसळलेला असतो.

प्रमाणही लक्षात घेण्यासारखं आहे. एक किलो कोरड्या लाकडाची राख जेमतेम ५ ते २० ग्रॅम भरते. एक किलो गोवऱ्यांची मात्र दीड-दोनशे ग्रॅम, आणि शेणात माती आली असेल तर त्याहून जास्त. चुलीपुढचा राखेचा ढीग लवकर वाढतो तो गोवऱ्यांमुळे.

राख आणि राखी

‘राख’ हा शब्द संस्कृत ‘रक्षा’पासून आला. ‘क्ष’चा ‘ख’ होणं मराठीला नवं नाही: क्षीर–खीर, क्षार–खार, रक्षा–राख. संस्कृतातच ‘रक्षा’चे दोन अर्थ आहेत, संरक्षण आणि राख. त्यामुळे श्रावणात हाताला बांधायची राखी, शेत राखणारा राखणदार आणि चुलीतली राख हे सगळे एकाच घरचे. ‘राखी रंगाची राखी’ या शब्दांत एकच मूळ दोनदा येतं.

जळलेल्या भुकटीला ‘संरक्षण’ हे नाव का, याची दोन उत्तरं दिली जातात आणि दोन्ही पटण्यासारखी आहेत. पहिलं, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून कपाळाला लावायची रक्षा. दुसरं धान्याचं: बी-बियाणं आणि कडधान्य राखेत ठेवून किडीपासून वाचवायची रीत. ही रीत खरोखर काम करते, पण कशी ते कळलं नाही तर फसते. राख किडीला विष म्हणून मारत नाही. तिचे बारीक, खरखरीत कण किड्याच्या अंगावरचा मेणचट थर घासून काढतात, त्यामुळे त्याच्या शरीरातलं पाणी उडून जातं. शिवाय दाण्यांमधली पोकळी भरल्याने त्याला हिंडायला आणि अंडी घालायला जागा उरत नाही. म्हणून पोतंभर मुगात मूठभर राख टाकून उपयोग नाही. पोकळी भरेल इतकी राख हवी आणि वर दोन-तीन बोटं जाडीचा नुसता राखेचा थर हवा. राख चाळलेली आणि पूर्ण थंड असावी. दाणा कडकडीत वाळलेला नसेल तर राख त्याचा ओलावा ओढून घेऊन ढेकळं धरते आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. कीड आधीच दाण्याच्या आत शिरली असेल तर ती बाहेर येईपर्यंत राख तिला काही करू शकत नाही.

मराठीने या दोन रूपांत कामाची विभागणीही करून टाकली आहे. चुलीची ती राख, माणसाची ती रक्षा. रक्षाविसर्जन म्हणतात, ‘राख टाकायला गेले’ म्हटलं तर ऐकणारा चपापतो. वस्तू म्हणूनही त्या वेगळ्या आहेत. चितेच्या रक्षेत हाडांचं कॅल्शियम फॉस्फेट मोठ्या प्रमाणात असतं, चुलीच्या राखेत कॅल्शियम आणि पोटॅशियम यांचे कार्बोनेट.

अग्नीने खाल्लेलं

‘भस्म’ हा शब्द ‘भस्’ या धातूचा. त्याचा अर्थ चावणं, खाऊन टाकणं. भस्म म्हणजे अग्नीने खाल्लेलं. कितीही खाल्लं तरी ज्याचं पोट भरत नाही त्याला ‘भस्म्या झालाय का?’ विचारतात, तिथे हा मूळ अर्थ अजून जिवंत आहे. ‘विभूती’ हा शब्द तर आधी जळण्याशी संबंधितच नव्हता. त्याचा अर्थ सामर्थ्य, ऐश्वर्य. शंकराच्या अंगावरच्या भस्माला ते नाव मिळालं. म्हणून एकाच शब्दाने आपण कपाळावरची राखही सांगतो आणि थोर माणूसही.

आयुर्वेदातलं भस्म मात्र राख नव्हे, आणि इथे बऱ्याच जणांची गफलत होते. धातू किंवा खनिज शुद्ध करून, वनस्पतीच्या रसात खलून, त्याच्या चकत्या वाळवतात. त्या दोन मातीच्या शरावांत, म्हणजे पसरट वाट्यांत, बंद करून सांधा कापडमातीने लिंपतात आणि गोवऱ्यांच्या खड्ड्यात भाजतात. या एका भाजणीला एक पुट म्हणतात. अशी अनेक पुटं देतात. शेवटी उरतो तो धातूचा ऑक्साइड किंवा तत्सम संयुग. लाकूड जळालं की वजन घटतं, पण लोखंडाचं उलट होतं: १०० ग्रॅम लोखंड पूर्ण ऑक्साइड झालं तर वजन सुमारे १४३ ग्रॅम भरतं, कारण हवेतला ऑक्सिजन त्यात येऊन बसतो. शंखाचं मात्र १०० ग्रॅमचं ५६ ग्रॅमपर्यंत खाली येतं, कारण त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून मागे चुना राहतो. भस्म तयार झालं की नाही हे बघायच्या जुन्या परीक्षा आहेत: चिमूट पाण्यावर तरंगली पाहिजे, बोटांच्या रेषांत शिरली पाहिजे, आणि त्यात धातूची चमक दिसता कामा नये. चमक राहिली म्हणजे पुट कमी पडलं. हे घरी करण्यासारखं काम नाही, हेही सांगून ठेवायला हवं.

लाल अंगाराचा थंड अंगारा

संस्कृतात ‘अंगार’ म्हणजे धगधगता निखारा. प्राकृतात त्याचं ‘इंगाल’ झालं आणि त्यातून मराठी ‘इंगळ’ आला. तोच ‘अंगार’ संस्कृतातून पुन्हा सरळ उचलला तेव्हा मराठीत दोन टोकं झाली: अंगार म्हणजे जाळ, आणि अंगारा म्हणजे देवापुढच्या धुपाची थंड, कपाळाला लावायची राख. एका कान्याने वस्तू विझवली. मंगळ ग्रह निखाऱ्यासारखा लाल दिसतो म्हणून त्याचं नाव अंगारक. मंगळवारी आलेली चतुर्थी ती अंगारकी. एरंडोलजवळ पद्मालयाच्या गणपतीला त्या दिवशी गर्दी होते, तिथे हातावर पडणारा अंगारा आणि दिवसाचं नाव यांचं मूळ एकच आहे.

फुफाट्याचा अर्थ आता बहुतेकांना ‘उडणारी धूळ’ एवढाच माहीत असतो. पण ‘आगीतून फुफाट्यात’ ही म्हण धुळीची नाही, गरम राखेची आहे. वरून विझलेली दिसणारी राख उत्तम आच्छादन असते. ती आतल्या निखाऱ्याची उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि हवाही बेताचीच पोचू देते, त्यामुळे निखारा रात्रभर टिकतो. आगीत पडलेला माणूस निदान आग बघतो. फुफाट्यात पाय ठेवणाऱ्याला काही दिसतच नाही. रताळं किंवा कांदा फुफाट्यात पुरून भाजतात तो याच गुणामुळे: मंद, चारी बाजूंनी सारखी उष्णता. वांग्याला मात्र आधी जाळ लागतो, कारण सालीला धुराचा वास लागून ती सुटायला हवी. नुसत्या फुफाट्यात वांगं शिजतं, पण भरताला ती चव येत नाही. ज्या जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचीही जाळाशिवाय कदर होत नाही.

काजळ, मषी, शाई

‘कज्जल’चं काजळ, आणि काजळाची काजळी. खान्देशात अहिराणीत आणि लेवा गणबोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, म्हणून इथे काजय, कोयसा, काया. ‘काया कोयसा’ ऐकून कुणी हिंदीची छाया शोधू नये. केळीची केयी आणि डोळ्याचा डोया करणारी तीच इथली सवय आहे.

काजळ धरायचं म्हणजे काजळी मुद्दाम जमवायची. तुपाचा किंवा एरंडेलाचा दिवा, जाड वात, आणि वर तांब्याचं किंवा पितळेचं ताट ज्वाळेच्या टोकाला टेकेल इतकं खाली. थंड धातूमुळे ज्वाळा मध्येच थबकते आणि कार्बन ताटाला बसतो. ताट फार वर धरलं तर कार्बन वाटेतच जळून जातो किंवा हवेत विखुरतो. फार खाली धरलं तर वात गुदमरते आणि काजळात तेलाचा चिकट अंश उतरतो. तासाभरात हाती चिमूटभरच लागतं. ते तुपात कालवतात. तान्ह्या बाळाच्या डोळ्यात मात्र ते घालू नये असंच डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. कपाळाच्या कडेला तीट पुरे.

याच काजळीची शाई होत असे. संस्कृतात ‘मषी’ म्हणजे काजळीही आणि शाईही. ‘शाई’ हा शब्द फारसी ‘सियाही’चा, म्हणजे काळेपणा. काजळी पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते. म्हणून तिला बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात बराच वेळ खलावं लागतं. डिंक कमी पडला तर वाळल्यावर अक्षर बोटाला लागतं. जास्त झाला तर शाईचा थर तडकतो. पण नीट जमलेली काजळीची शाई शेकडो वर्षं फिकी पडत नाही, कारण कार्बनवर प्रकाशाचा आणि हवेचा फारसा परिणाम होत नाही. ओघात आणखी एक: आपला ‘मसुदा’ अरबीतला आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘काळा केलेला’ असा आहे. कच्चं लिखाण म्हणजे काळे केलेले कागद, हे कुणाला नाकारता येईल?

दिव्यापाशीच आणखी एक शब्द सापडतो. ‘बत्ती गुल’ मधला ‘गुल’ म्हणजे फारसीत फूल, आणि वातीच्या टोकाला जळून झालेली काळी गुठळीही. वीज जाते तेव्हा आपण अजून वातीच्या काजळीचंच नाव घेतो.

राख नसलेली राख

आता दोन तोतये. ‘जळून खाक झालं’ म्हणतो, पण फारसी ‘ख़ाक’ म्हणजे माती, धूळ. म्हणूनच खाकी रंग धुळीचा असतो, राखेचा नसतो. जळून खाक म्हणजे शब्दशः ‘जळून माती’.

दुसरा अधिक मजेदार. ‘गाव बेचिराख झालं’ यात सगळ्यांना राख दिसते. पण मूळ शब्द ‘बे-चिराग’, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं. ज्या गावात वस्ती उरली नाही ते बेचिराग. दुष्काळाने उठलं असो, रोगराईने, की पुराने, तिथे आग लागलेली असायची काहीच गरज नाही. महसुली दप्तरात ओसाड गावांना आजही बेचिराग किंवा बेचिराख म्हणतात: शिवार आहे, सातबारे आहेत, पण घर नाही. ‘ग’चा ‘ख’ झाला तो बहुधा राखेच्या ओढीने, आणि मग अर्थही जळण्याकडे सरकला. आज वर्तमानपत्रात ‘आगीत दुकान बेचिराख’ छापून येतं, त्याला चूक तरी कसं म्हणायचं? शब्द आता तिकडचाच झाला आहे. ‘राखरांगोळी’त मात्र राख खरीच आहे. भात पिकतो तिथे तुसाच्या पांढऱ्या राखेचीही रांगोळी घालतात.

चुलीवरचं उरलेलं

स्वयंपाकघरात शब्द आणखी बारीक होतात. बटाटा खरपूस भाजला तर कौतुक, करपला तर बोलणी. दोहोंत अंतर एखाद्या मिनिटाचं. खरपूसपणात त्यातली साखर आणि प्रथिनं यांची तपकिरी, सुवासिक संयुगं झालेली असतात. करपण्यात त्यांचाही कोळसा व्हायला लागतो आणि कडवटपणा येतो. दूध किंवा पिठलं बुडाला ‘लागतं’. लागलेलं खरवडून निघतं ती खरवड. दूध लागल्याचा वास आला की डाव घालून ढवळू नये. वरचं दूध हलकेच दुसऱ्या भांड्यात ओतावं, खरवड मागेच राहू द्यावी. लोणी कढवून तुपाखाली राहते ती बेरी. ती तपकिरी असेल तर साखर घालून खाण्यासारखी, काळी झाली तर तुपालाही वास लागलेला असतो.

मांड्यांचं, म्हणजे पुरणपोळीचं खापर चुलीवर पालथं असतं, पोळी त्याच्या पाठीवर पडते. त्यामुळे सगळी काजळी खापराच्या पोटात आणि पोळीची बाजू स्वच्छ. सरपण ओलं असेल तर काजळी जाड बसते आणि खापर एकसारखं तापत नाही; पोळी एका अंगाला पांढरट राहते.

भांडी घासायची राखुंडी काम करते ती दोन कारणांनी. तिच्यातला क्षार तेलकटपणाशी संयोग पावून साबणासारखा होतो, आणि सिलिकाचे कण घासतात. पितळ, लोखंड, स्टील ठीक. ॲल्युमिनियमला मात्र राख लावू नये, क्षाराने ते काळं पडतं आणि झिजतं. पावसात भिजलेल्या ढिगातली राख आणू नये, तिचा क्षार पाण्याबरोबर गेलेला असतो. भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्रातली राखही या कामाची नाही. आपल्याकडच्या दगडी कोळशात राखेचं प्रमाण शेकडा ३० ते ४५ असतं. ती भट्टीत वितळून काचेच्या बारीक गोळ्यांसारखी झालेली असते आणि तिच्यात विरघळणारा क्षार फारच थोडा. विटांना आणि सिमेंटला ती चांगली, भांड्यांना नाही. नाव तेच, वस्तू वेगळी.

खार, आणि केळीच्या बागेतली गोणी

राखेत पाणी घालून ढवळा, निवळू द्या, वरचं पाणी बोटांना बुळबुळीत लागेल. तो क्षार, म्हणजे खार. सुश्रुताने ‘क्षार’ची फोड ‘क्षरण’ आणि ‘क्षणन’ अशी दिली आहे: जो झिरपवतो किंवा नष्ट करतो. त्याने सांगितलेली कृती आजही वाचण्यासारखी आहे. राखेच्या सहापट पाणी, ते एकवीस वेळा गाळायचं, मग आटवायचं. गाळणं कमी झालं तर क्षार गढूळ येतो. आघाड्याच्या राखेचा क्षार असाच निघतो. कढई लोखंडी हवी, आणि तयार क्षार उघड्या हाताने चाचपू नये, तो कातडी जाळतो.

उडदाच्या पापडातला पापडखार या घराण्यातला, जरी आता दुकानातला खार सोड्याच्या क्षारांचा असतो. तो पीठ लवचीक करतो आणि तळताना पापड फुलवतो. जास्त पडला तर पापड तेलात टाकताच लालसर होतो आणि तोंडाला साबणासारखी चव राहते.

युरोपातही राखेचा खार असाच काढत. राखेचं पाणी मोठ्या हंड्यात आटवून जे उरायचं त्याला डच भाषेत ‘भांड्यातली राख’ अशा अर्थाचं नाव पडलं. तेच इंग्रजीतून आलेलं पोटॅश. १८०७ साली ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने पोटॅशमधून विजेच्या साहाय्याने नवा धातू वेगळा केला आणि त्याला पोटॅशियम म्हटलं. त्याचं चिन्ह ‘के’ मात्र ‘कॅलियम’वरून आलं, आणि कॅलियम अरबी ‘क़ली’वरून, म्हणजे वनस्पतीची राख, ‘अल्कली’ तोच शब्द. त्याच्या मुळाशी अरबीत भाजणं-तळणं आहे. (भांड्यांची कल्हई यातली नव्हे, तो कथलाच्या अरबी नावाचा शब्द.)

रावेर-यावलच्या केळीच्या बागेत पोटॅशची गोणी येते, तिच्यावर छापलेला शब्द असा राखेचा आहे, जरी आतला माल खाणीतलं पोटॅशियम क्लोराइड असतो. त्यात पोटॅश शेकडा ६०, लाकडाच्या राखेत पाचच्या आसपास. केळीच्या खांबाच्या राखेत ते लाकडापेक्षा पुष्कळ जास्त असतं, म्हणून खांब जाळून राख बागेत टाकावी असं वाटणं साहजिक आहे. पण खांबात बहुतेक पाणीच असतं, तो वाळवल्याशिवाय जळत नाही आणि जळताना त्यातलं नत्र हवेत जातं. शिवाय तापीकाठची काळी जमीन आधीच विम्लतेकडे, म्हणजे अल्कलीकडे झुकलेली, राख तिला आणखी तिकडे ढकलते. युरियात किंवा शेणखतात राख मिसळली तर अमोनियाचा वास येतो, म्हणजे नत्र उडून चाललं. त्यापेक्षा खांबाचे तुकडे करून सरीत कुजू द्यावेत. पोटॅश तोच मिळतो, नत्रही राहतं. राख टाकायचीच तर चाळलेली, पसरून, झाडापासून हातभर लांब, आणि युरियाच्या आधी-नंतर निदान पंधरा दिवस सोडून.